सध्याच्या मालिका : गुपित किती वर्षं लपवायचं?

आबोली (कवळे, फोंडा)

चवथ झाली, दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं. आता जत्रांचे दिवस. गावागावांत नाटकांच्या तालमी रंगात आल्या आहेत आणि त्याच घरांत साडेसातपासून दहा-साडेदहापर्यंत मराठी मालिका चालू असतात. आमच्याकडे रिमोट सासूबाईंच्या हातात. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ये-जा करत बघते, पण बघते मनापासून. मला मालिका आवडतात, म्हणूनच जे खटकतं ते नीट लिहावंसं वाटलं.

माझं म्हणणं एकच आहे. गुपित टिकवण्यासाठी शहाण्यासुरत्या माणसांना मठ्ठ करू नका.

'ठरलं तर मग' घ्या. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली. आश्रमात वाढलेली सायली हीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी, हे आपल्याला केव्हाचं ठाऊक आहे. तन्वी म्हणून मिरवणारी प्रिया खोटी, हेही ठाऊक. जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांनी कराराच्या लग्नापासून खऱ्या संसारापर्यंतचा प्रवास फार सुरेख रंगवला. घाई नाही, भडकपणा नाही. एकमेकांवर विश्वास बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा दिला. त्यासाठी या मालिकेला शंभर गुण. पण सायलीचा नवरा अर्जुन वकील, तन्वीचे वडील रविराज किल्लेदार तर नावाजलेले वकील. कोर्टात साक्षीदाराच्या एका शब्दावरून खोटं पकडणारी ही माणसं घरात आली की त्यांना डोळ्यांसमोरचं दिसत नाही. पोटच्या मुलीची ओळख पटायला बापाला इतकी वर्षं? हे पटवून घ्यायचं म्हणजे त्या माणसाच्या हुशारीवरचा विश्वास सोडायचा. आणि विश्वास सोडला की कोर्टातले प्रसंगही फिके पडतात.

हे एकाच मालिकेचं नाही. परवा कुठल्याशा मालिकेत एक बाई म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." सासूबाई तांबडी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता दार वाजतलें." वाजलंच. दारात पाहुणे, मग चहा, मग जाहिराती, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. सासूबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पण त्यांना पुढचा प्रसंग आधी दिसतो. असा प्रेक्षक समोर बसलाय याचं भान लिहिणाऱ्यांनी ठेवायला नको का?

आता उलट उदाहरण देते. 'आई कुठे काय करते' मध्ये नवरा अनिरुद्ध आणि संजनाचं प्रकरण अरुंधतीला कळलं ते लग्नाच्या 25व्या वाढदिवसाला. गुपित फुटलं आणि मालिका तिथून खरी चालायला लागली. तोवर ती एक नेहमीची सोसणारी सून होती. कळल्यावर ती काय करते, कुठे राहते, पैसे कसे मिळवते, मुलं कुणाची बाजू घेतात, सासू काय म्हणते, अशी कथेला दहा तोंडं मिळाली. मधुराणी प्रभुलकरांनी त्या दिवसांत जे काम केलं ते मी विसरणार नाही. घरातून निघताना तिच्या चेहऱ्यावर रडूही नव्हतं नि रागही नव्हता. आमच्या वाड्यावरच्या दोन-तीन बायका दुसऱ्या दिवशी देवळात त्यावरच बोलत होत्या, आणि बोलता बोलता स्वतःच्या घरातलं बोलायला लागल्या. मालिकेचं काम हेच. पुढे ती लांबली, अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष याला मारलं, शेवटी दुपारी अडीचला नेऊन बसवली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संपवली. ते मला मुळीच आवडलं नाही. पण मधली वर्ष-दीड वर्ष तिने जे दाखवलं ते खरं होतं.

म्हणजे गुपित उघडं पडलं की कथा संपते, ही भीती खोटी आहे. उघडं पडल्यावरच माणसं कळतात.

आपण गोव्याचे लोक नाटकावर वाढलेले. जत्रेत रात्री उशिरा नाटक उभं राहतं, चटया टाकून बायका-पोरं बसलेली असतात, आणि पहाट व्हायच्या आत सगळ्याचा निकाल लागतो. खलनायक सापडतो, मुलगी बापाला भेटते, कुणी मरतं, कुणी माफी मागतं. तीन-चार तासांत माणूस हसतो, रडतो, चिडतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी राजीव गांधी कला मंदिरात बसणारा प्रेक्षक दुसऱ्या अंकाला चुळबुळ करू लागला की दिग्दर्शकाला कळतं, कुठे पाणी घातलंय. तोच प्रेक्षक टीव्हीसमोर बसतो. त्याला कमी लेखू नये.

तुम्ही सध्या काय बघता, काय आवडतं, काय नाही, लिहा. कारणासकट लिहा.

पेडणेकार

आबोलीताई, मनातलं लिहिलंत. आमच्या बाजूला दशावतारी अजून रात्रभर चालतात, तेव्हा त्यावरूनच सांगतो.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कुणी कुठलं पात्र घ्यायचं ते ठरलेलं, आणि संवाद जागच्या जागी. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला आख्यान पाठ असतं. राक्षस मरणार, राणी सुटणार, हे त्याला सुरुवातीला येणारा संकासुर नाचून जायच्या आधीपासून माहीत. तरी तो उठून जात नाही. का? कारण आजचा राजा कसा बोलतो, राक्षस झालेला नट कसा भिडतो, हे त्याला बघायचं असतं. म्हणजे पुढे काय होणार हे माहीत असलं तरी माणूस बसतो. गुपिताच्या जोरावर प्रेक्षक धरून ठेवावा लागतो, हे मला मान्यच नाही.

टीव्हीतलंच उदाहरण देतो. 'रात्रीस खेळ चाले' फेब्रुवारी 2016 मध्ये आली. जिथे चित्रीकरण झालं तो आकेरीचा वाडा आमच्यापासून काही लांब नाही, त्यामुळे गावात कौतुक होतंच. पहिल्या भागाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणाने. दुसरा भाग जानेवारी 2019 मध्ये आला तो त्याच्या आधीच्या काळाचा. अण्णा मरणार, घराची वाताहत होणार, सगळं सगळ्यांना माहीत. तरी लोकांनी दुसराच भाग जास्त डोक्यावर घेतला. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता बघायला आमच्याकडे शेजारची घरंही येऊन बसायची. भीती भुताची नव्हती, अण्णांची होती. जेवताना ताटावरून ते नुसते वर बघायचे आणि पंगत गप्प व्हायची. असा माणूस प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या घरात बघितलेला.

तिसऱ्या भागात मात्र ओढाताण झाली. ते मी अर्धवट सोडलं.

सांगेची सून

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं लिहिते, कुणी राग मानू नये.

माझ्या आईला दिसायला कमी येतं. ती मालिका ऐकते. ती बाजूच्या खोलीत पोळ्या लाटते तेव्हाही ऐकतेच. मालिकेत पुन्हा पुन्हा तेच सांगतात अशी तक्रार असते, पण त्यामुळेच तिला गोष्ट सुटत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, कधी दोन दोन दिवस येत नाही. आली की ती टीव्ही लावते आणि पाच मिनिटांत तिला सगळं कळतं. मालिका बघणाऱ्या बऱ्याच बायका हातातलं काम न सोडता बघतात. त्यांच्यासाठी संवादातूनच सगळं सांगावं लागतं, हे लेखकांना चांगलं माहीत आहे आणि माझ्या मते ते चूक नाही.

शिवाय आईला माणसं लागतात. माझी भावंडं बाहेर, मी सासरी. संध्याकाळी घरात दुसऱ्या कुणाचा आवाज नसतो. 'ठरलं तर मग' मधली पूर्णा आजी तिची फार लाडकी. ती भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मध्ये गेल्या तेव्हा आईने मला फोन करून सांगितलं, घरातलं कुणी गेल्यासारखं. त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही. आता त्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या आहेत. आई पहिले काही दिवस नाराज होती. म्हणायची, ही आमची आजी नव्हे. पण 'चार दिवस सासूचे' तिने अकरा वर्षं पाहिलेली, त्यामुळे रोहिणीताईंचा आवाज तिच्या कानात पक्का बसलेला. हळूहळू तिने मानलं. हे नातं कुठल्या नाटकात जडत नाही. नाटक रात्रीत संपतं, म्हणून ते नाटक. मालिका रोज येते, म्हणून ती घरची होते.

आबोलीताईंचं एक मात्र शंभर टक्के पटतं. शहाण्या माणसाला मठ्ठ करू नये. आईसुद्धा तेव्हा चिडते.

मांडवीकाठ

माझ्या जवळच्या नात्यातला एक मुलगा मुंबईत मालिकांच्या सेटवर दिग्दर्शकाचा सहायक आहे. त्याच्याकडून जे ऐकतो त्यावरून लिहितो. आतलं कळलं की कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

जाहिराती सोडल्या तर एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. आठवड्याला सहा, कधी रविवारचा महाएपिसोड धरून जास्त. हे रोज शिजवायचं तर एकट्या लेखकाचं काम नाही. म्हणून नावांच्या पाटीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. पुढच्या भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, हवी असते, पण ती वर्षभर टिकत नाही. कुणी आजारी पडलं, पावसाने सेटवर पाणी आलं, की बँक संपते आणि मग सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. बारा-बारा तासांच्या शिफ्ट. एकाच हॉलमधले पाच वेगवेगळ्या भागांचे सीन सलग उरकतात, कारण लाइट पुन्हा लावायला वेळ नसतो. नटाला कधी कधी सांगावं लागतं, या सीनमध्ये तुला अजून कळलेलं नाही, मघाच्या सीनमध्ये कळलं होतं.

मग गुरुवारी टीआरपी येतो. एखाद्या आठवड्यात कारस्थान करणाऱ्या बाईच्या सीनला आकडे चढले की ती बाई सुटते, पकडायची ती राहते. गुपित लांबतं ते बहुतेक वेळा असं. कथा लिहिणाऱ्याने ते सहा महिन्यांत फोडायचं ठरवलेलं असतं, आकडे म्हणतात थांब.

दुसरं कारण म्हणजे मूळ कथाच बाहेरची. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी' वरून. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा' वरून. 'लक्ष्मी निवास' कन्नडमधून, नावही तेच. 'सावळ्याची जणू सावली' बंगाली 'कृष्णकोली' वरून, 'पारू' तेलुगू 'मुद्दा मंदारम' वरून. एका भाषेत चाललेली मालिका दुसरीकडे नेली तर धोका कमी, हा हिशोब. त्यात गैर काही नाही, आपली जुनी नाटकंही कुठून कुठून आलेली आहेत. पण आणलेल्या कथेला इथली माती लावावी लागते. 'आई कुठे काय करते' ला ती लागली, म्हणून ती मराठी वाटली. काही मालिका बघताना सून दागिने घालून झोपते, घरातले सगळे एका जिन्याच्या पायथ्याशी गोळा होऊन भांडतात, आणि हे घर नक्की कुठल्या गावातलं तेच कळत नाही.

आणखी एक गोष्ट गोव्याच्या लोकांना माहीत हवी. टीआरपी मोजणारी 'बार्क' मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरते. म्हणजे आपण मोजणीत आहोत. बघणारे म्हणून आपली घरं धरली जातात.

कुळागर

मांडवीकाठ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मोजणीत आहोत, पडद्यावर कुठे आहोत? मराठी मालिकेत गोवा येतो तो लग्नानंतर नवराबायको फिरायला निघतात तेव्हा. समुद्र, टोपी, नारळपाणी, एखादं गाणं. नाहीतर पैसे घेऊन पळालेला माणूस गोव्यात लपलेला असतो. चार दिवसांनी सगळे परत ठाण्याला. इथे मराठी वाचणारी, मराठीत भजन म्हणणारी, घरात कोंकणी बोलणारी, मराठी नाटक बसवणारी हजारो घरं आहेत, हे त्या कॅमेऱ्याला कधी दिसलंच नाही.

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मालिकांचे संच इथे आले होते. कुटुंबच्या कुटुंबं रिसॉर्टवर राहायला आलेली दाखवली. मे महिन्यात इथला कोविड भडकला. मडगावच्या रवींद्र भवनात एका गाण्याच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू होतं, त्याच्या विरोधात लोक तिथे पोचले आणि सरकारने सगळ्या परवानग्या मागे घेतल्या. बंद केलं ते योग्यच केलं. त्या दिवसांत इथे माणसांना श्वास मिळत नव्हता. पण मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढे दिवस एवढी माणसं इथे राहिली आणि रिसॉर्टच्या कुंपणाबाहेरचा गोवा एकाही कथेत आला नाही.

इथे काय गोष्टी कमी आहेत? मी डिचोलीचा. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. आमच्या वाड्यावर दारोदारी ट्रक उभे राहिले. ज्याने बँकेचं कर्ज काढून तीन ट्रक घेतले त्याच्या घरात काय झालं असेल? टायर विकले, मग टपाचे पत्रे विकले. मुलगा जहाजावर गेला, सून पंचायतीत कामाला लागली, म्हातारा रोज सकाळी उठून बंद ट्रकची काच पुसायचा. भाऊ भावाशी बोलेनासा झाला, कारण एकाने वेळेवर ट्रक विकला आणि दुसऱ्याला सांगितलं नाही. यात खलनायिका लागत नाही, विष घातलेलं दूध लागत नाही. दोन वर्षं चालेल एवढा मजकूर एका वाड्यात आहे.

वर्षा उसगांवकर आपल्या. 'सुख म्हणजे नक्की काय असतं' मध्ये त्या माई झाल्या, शिर्के पाटलांच्या, कोल्हापूरच्या. काम उत्तम. पण त्यांना गोव्यातल्या घरची बाई म्हणून बघायला मिळाली असती तर इथल्या प्रत्येक घरात जेवण थांबलं असतं.

तांबडीमाती

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान आहे, मालिका फोनवर बघते, वाटलं तर पुढे ढकलते. पण 'लक्ष्मी निवास' आम्ही हॉस्टेलमधल्या मुली एकत्र बघतो. त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जयंत आणि जान्हवीचा ट्रॅक. लग्नाआधी जयंत सगळ्यांना हिरा वाटतो. श्रीमंत, शांत, बायकोवर जीव टाकणारा. लग्नानंतर घरभर कॅमेरे. ती कुणाशी बोलली, किती वेळ बोलली, माहेरी का गेली, सगळ्याचा हिशोब. हात उगारायच्या आधीच तिचा श्वास कोंडतो. दिव्या पुगावकरने हे घाबरणं फार बारीक दाखवलंय. जयंत खोलीत आला की तिचे खांदे आधी आवळले जातात, मग ती हसते. आमच्यातल्या एकीने ते बघून सांगितलं, तिच्या ताईचं असंच आहे आणि घरचे म्हणतात नवरा किती प्रेम करतो. त्या रात्री आम्ही भाग बंद करून तासभर बोललो.

म्हणून मला राग येतो तो याचा की तोच जयंत वाहिनीच्या प्रोमोत आणि रील्समध्ये गाण्यावर दिसतो, मंद प्रकाशात, वेड्या प्रेमात पडलेल्या नायकासारखा. खाली मुली लिहितात, असा नवरा हवा. मेघन जाधव इतकं चांगलं काम करतोय की त्याची भीती वाटायला हवी. ती भीती वाहिनीने पुसून टाकू नये.

आणि जान्हवीचं ते समुद्रात उडी मारणं. ती जिवंत आहे हे आपल्याला ठाऊक, आईवडिलांना नाही. पुन्हा गुपित! अशा मुलीची खरी गोष्ट ती घरी परत आल्यावरची असते. घरचे विश्वास ठेवतात का, परत जा म्हणतात का, पोलिसांत जातात का. ते दाखवायचं सोडून आम्हाला चुकामुकीचे प्रसंग बघावे लागतात.

आबोली (कवळे, फोंडा)

देव बरें करूं, सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत.

सांगेची सून, तुमच्या आईचं वाचलं आणि मी सासूबाईंनाही वाचून दाखवलं. मालिकेने सावकाश चालावं, हे मी मान्य करते. रोजची सोबत असेल तर ती धावत येणार नाही. पण सावकाश चालणं वेगळं आणि जागच्या जागी फिरणं वेगळं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये वर्षाच्या आत संपली. ती सावकाशच होती. निम्मा भाग काळे कुटुंबाच्या गप्पांतच जायचा. तरी आठवड्याच्या शेवटी दोघं एकमेकांच्या थोडी जवळ आलेली असायची. 'दिल दोस्ती दुनियादारी' पण तशीच, वेळेवर आली, वेळेवर गेली, आजही मुलं तिचे भाग काढून बघतात. सोबत तर त्यांनीही दिली.

तांबडीमाती, तू लिहिलंस ते या धाग्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी 'लक्ष्मी निवास' बघत होते ती लक्ष्मी आणि श्रीनिवास यांच्यासाठी. स्वतःचं घर बांधायचं स्वप्न, मुलांच्या संसारात ओढलेलं निवृत्तीचं वय, तुषार दळवींचा तो गप्प बसून सोसणारा बाप. हर्षदा खानविलकरांना आम्ही 'पुढचं पाऊल' मध्ये आक्कासाहेब म्हणून करारी पाहिलेलं. इथे त्यांनी तो सगळा ताठा उतरवून ठेवलाय. पगार संपत आला की ती डबे उघडून बघते आणि झाकण पुन्हा लावते, एवढ्यात घर उभं राहतं. अशा आईला मुलगी गेली असं खोटंच रडायला लावायचं, महिनोन्महिने? हर्षदाताई रडतात ते खरं रडतात, मला बघवत नाही. आणि आपल्याला मुलगी जिवंत आहे हे माहीत असल्यामुळे त्या रडण्याला अर्थ उरत नाही. नटीचं सोनं असं मातीत घालू नये.

'वीण दोघांतली ही तुटेना' बद्दल कुणी बोललं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. मला आवडते. सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान, दोन प्रौढ माणसं, धाकट्या भावंडांसाठी लग्नाला उभी राहतात. इथे लपवाछपवीपेक्षा स्वभाव जास्त आहेत. एकाला हुकूम सोडायची सवय, दुसरीला सगळ्यांचं ओढून घ्यायची. ही दोघं भांडतात तेव्हा दोघांचंही पटतं. एवढंच जपलं तरी ती वर्षभर बघेन. पण कारस्थानी नातेवाईक हळूहळू पुढे सरकायला लागलेत, त्याची धास्ती आहे.

कुळागर, तुमच्या डिचोलीच्या ट्रकवाल्याची गोष्ट वाचून हे खरंच कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं. निदान आपल्या एखाद्या जत्रेच्या नाटकात तरी. तुम्हीच का लिहीत नाही?

कुळागर

ताई, नाटक लिहायचं मनात आहे. आमच्या मंडळाला सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षीच्या जत्रेसाठी बघू. स्त्रीपात्रासाठी पंचायतीत काम करणारी ती सून हवीच, आणि ती भूमिका करायला गावातलीच बाई हवी.

पेडणेकार

कुळागर, लिहिलंत तर पेडण्याला प्रयोग करा, मंडपाची सोय आम्ही बघतो.

मालिकेचं एक राहिलं. 'कोण होतीस तू, काय झालीस तू!' कुणी बघता का? गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव पुन्हा एकत्र, आणि नायिका कोकणातली. सुरुवातीला बरं वाटलं, आपल्या बाजूचं काहीतरी आलं म्हणून. गिरिजा मनापासून करते, वैभव मांगले असले की प्रसंगाला वजन येतं. पण कोकण म्हणजे आंबे, होडी आणि भोळी माणसं एवढंच नव्हे. कोकणातला माणूस भोळा कधीच नव्हता. तो हिशोबी असतो, भांडकुदळ असतो, वाटणीसाठी तीस तीस वर्षं कोर्टात जातो आणि त्याच चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाला पहिला उभा राहतो. हे दाखवलं तर आम्ही रोज बसू.

मांडवीकाठ

पेडणेकारांशी सहमत. आणि तांबडीमाती, प्रोमोच्या बाबतीत एक करता येतं. एखाद्या कार्यक्रमातून छळाला प्रेम म्हणून दाखवलं जातंय असं वाटलं तर आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, मग प्रसारणाच्या मजकुराच्या तक्रारींसाठी बीसीसीसी ही परिषद 2011 पासून आहे, तिच्याकडे जाता येतं. तारीख, वेळ, मालिकेचं नाव आणि नेमका प्रसंग द्यावा लागतो. नुसतं आवडलं नाही म्हणून चालत नाही. गुपित लांबवल्याची तक्रार तिथे होत नाही. त्यासाठी वाहिनीलाच पत्र लिहायचं. माझा तो मुलगा म्हणतो की इन्स्टाग्रामवरच्या शिव्या कुणी वाचत नाही, पण कारणासह लिहिलेलं पत्र क्रिएटिव्ह टीमच्या बैठकीत खरंच वाचलं जातं.

तांबडीमाती

थँक्यू दादा. आम्ही चौघी मिळून लिहितो. प्रोमोची तारीख माझ्याकडे आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सांगेची सून

मुलींनो, लिहा. आणि त्या पत्रात माझ्या आईचंही एक घाला. तिला जान्हवी घरी आलेली बघायची आहे, आणि आल्यावर लक्ष्मीने तिला परत जा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं.

आबोली (कवळे, फोंडा)

मीही लिहिते, दोन वेगळी पत्रं. एक 'ठरलं तर मग' साठी, रविराजांना त्यांची हुशारी परत द्या म्हणून. दुसरं स्टार प्रवाह आणि झी मराठी या दोन्ही वाहिन्यांना, गोव्यातल्या घराबद्दल. महाराष्ट्र-गोवा एकच बाजार धरता तर कथाही धरा, असं स्पष्ट लिहिणार आहे. मसुदा रविवारी इथेच टाकते. कुळागर, खाणींच्या तारखा तुम्ही एकदा तपासून द्या. पेडणेकार, कोकणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते तुमच्याच शब्दांत घेतलं तर चालेल ना?

पेडणेकार

चालेल. वाटणीचा दावा तेवढा ठेवा, तो गाळू नका.